पत्र्याला घाम का सुटतो?



डिसेंबरात एका आजींचा आपल्या रेडिओवर फोन आला होता. निफाड तालुक्यातल्या. नाव सांगू नका म्हणाल्या, म्हणून सांगत नाही. पण त्यांचं बोलणं मी लिहून ठेवलंय. म्हणाल्या, "बाई, पाऊस नाही, पाणी नाही, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि माझं घर गळतंय."

आधी त्यांच्या घराला कौलं होती. माकडं फोडायची, दर वर्षी कौलं चाळायला माणूस मिळेना, म्हणून मुलाने दोन वर्षांपूर्वी निळे रंगीत पत्रे टाकले. पहिला पावसाळा छान गेला. पहिल्या थंडीत मात्र पहाटे पहाटे टपटप सुरू झाली. पत्रेवाल्याला बोलावलं. त्याने स्क्रू आवळले, वॉशर बदलले. पुन्हा टपटप. मग सांध्यांना सिलिकॉन भरलं. तिसऱ्यांदा डांबराची पट्टी. तीनदा पैसे गेले आणि पाणी तिथेच. या वर्षी लेक बाळंतपणाला आली. वीस दिवसांचं बाळ, बाहेर बोचरी थंडी. म्हणून घरातल्यांनी वळचणीच्या सगळ्या फटी पोती आणि प्लॅस्टिक कोंबून बंद केल्या, खिडक्या लावून घेतल्या, खोलीत कोळशाची शेगडी ठेवली. आणि थेंब दुप्पट झाले. बाळाच्या दुपट्यावर पडायला लागले. आजींचा प्रश्न एवढाच होता की आता कुठलं डांबर लावू.

मी त्यांना फोनवरच आधी एक गोष्ट सांगितली, आणि तुम्हालाही तीच आधी सांगते. शेगडी खोलीच्या बाहेर काढा. आत्ता, हे भाषण ऐकता ऐकता काढा. बंद खोलीत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. झोपलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही. बाळंतिणीला शेक हवा असेल तर दार-खिडकी उघडी ठेवून, कोणीतरी जागं असताना द्या, आणि झोपायच्या आधी शेगडी बाहेर न्या. पत्र्याचं पाणी एक दिवस थांबलं तरी चालेल, हे थांबायला नको.

आता पत्र्याकडे वळू.

आजींचं घर गळत नव्हतं. गळणं म्हणजे वरून पाणी आत येणं. इथे पाणी आतच होतं, हवेत. उन्हाळ्यात स्टीलच्या तांब्यात माठातलं गार पाणी भरून ठेवलं की तांब्या बाहेरून ओला होतो. तांब्या काही पाझरत नाही. आजूबाजूच्या हवेतली वाफ गार भांड्याला टेकते आणि तिचं पाणी होतं. आजींचा पत्रा म्हणजे पालथा घातलेला मोठा गार तांब्या, आणि त्याच्या खाली अख्खं कुटुंब झोपलेलं.

हवेत किती पाणी मावतं ते हवेच्या उबेवर ठरतं. २० अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात राहू शकतं. तीच हवा १० अंशांवर आणली तर जेमतेम ९ ग्रॅम, आणि शून्यावर पाचाच्याही आत. बाकीचं पाणी हवा खाली टाकते. कुठे टाकते? जी वस्तू सगळ्यात गार असेल तिच्यावर. समजा खोलीत १८ अंश आहे आणि हवा ७० टक्के भरलेली आहे. मग १२ अंशांपेक्षा गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर दव जमणार. निफाडकडे थंडीच्या लाटेत बाहेरचा पारा पाच-सहा अंशांवर जातो. पत्रा किती गार होत असेल, तुम्हीच बघा.

आणि पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो, ही यातली खरी गंमत. पहाटे अंगणात उभी केलेली स्कूटर ओली असते आणि झाडाखालची कोरडी, हे तुम्ही पाहिलं असेल. निरभ्र रात्री उघड्यावरची वस्तू आपली ऊब सरळ आकाशाकडे सोडत राहते आणि परत काही मिळत नाही. झाड किंवा ढग वर असले तर ते थोडी ऊब परत देतात. पत्रा पातळ, त्यात ऊब साठत नाही, त्यामुळे तो झरझर गार होतो आणि हवेपेक्षा काही अंश खाली जातो. म्हणून आजींच्या घरात चांदण्या स्वच्छ दिसतात त्या रात्री जास्त पाणी, आणि ढगाळ रात्री कमी. मी त्यांना हे विचारलं तेव्हा त्या थोडा वेळ गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "होय, अमावास्येच्या रात्री तर चादर पिळून काढली." अमावास्येचा संबंध नाही, आभाळ स्वच्छ असण्याचा आहे, पण आजींचं निरीक्षण पक्कं होतं.

रंगाचाही भाग आहे. नवा कोरा चकचकीत जस्ती पत्रा ऊब सहजासहजी सोडत नाही. रंगवलेला पत्रा, मग तो निळा असो, लाल असो की पांढरा, रात्री भरभर ऊब सोडतो. उन्हाळ्यात पत्र्यावर चुना मारतात तो दिवसाच्या उन्हासाठी उत्तम. रात्रीच्या दवाला त्याचा काही उपयोग नाही.

मग घरात एवढं पाणी येतं कुठून? आजींना हे पटेना. "आम्ही काय घरात पाणी शिंपतो का?" म्हणाल्या. चला, हिशोब करू. झोपलेला मोठा माणूस श्वासातून आणि अंगातून तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. चार मोठी माणसं, आठ तास झोप. झालं सव्वा लिटरच्या वर. आता खोली बघा. १५ बाय १२ ची, सरासरी दहा फूट उंच. त्या खोलीतल्या सगळ्या हवेत १८ अंशांवर जास्तीत जास्त पाऊण लिटरच्या आसपास पाणी मावतं. म्हणजे नुसत्या झोपण्याने खोलीत मावेल त्यापेक्षा जास्त पाणी तयार होतं. सगळं बंद असेल तर ते जाणार कुठे?

त्यात स्वयंपाक धरा. भात, आमटी, चहा यांची वाफ दिसते, पण न दिसणारी वाफ गॅसच्या ज्योतीतूनच निघते. एक किलो गॅस जळला की दीड किलोपेक्षा जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. घरातला १४.२ किलोचा सिलिंडर संपेपर्यंत त्याने सुमारे २२ लिटर पाणी तुमच्या स्वयंपाकघराच्या हवेत सोडलेलं असतं. हे मी पहिल्यांदा मांडलं तेव्हा मलाच दोनदा तपासावंसं वाटलं. गॅसमध्ये हायड्रोजन असतो, तो जळून पाणी होतं, एवढी साधी बाब. मग आंघोळीचं पाणी आत तापवणं, बाळाचे लंगोट आणि दुपटी दोरीवर आतच वाळत घालणं. बाळंतिणीच्या घरात तर दिवसभर हेच चालतं. आणि जमीन कोबा किंवा शेणाने सारवलेली असेल तर खालूनही ओल येते. ती येते का ते बघायचं असेल तर दोन फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा कागद जमिनीवर पसरा, चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि सकाळी उचला. खालची बाजू ओली असेल तर जमीनही यात भागीदार आहे.

कौलांच्या घरात हे सगळं होतंच की. माणसं तेवढीच, चूल तर जास्तच. तरी पाणी का पडत नव्हतं? कौल जाड असतं, मातीचं असतं, थोडं पाणी पिऊन घेतं आणि ऊन पडलं की सोडतं. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दोन कौलांच्या मधल्या फटी. आपल्याकडची मंगलोरी कौलं बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली मंगळूरला कारखाना काढून बनवायला घेतली, आणि त्याआधीची नळीची कौलं तर कुंभार बनवत होतेच. दोन्हींत हजार फटी. आढ्याजवळ धुराडं. वळचणीला वासे आणि भिंत यांच्यामध्ये मोकळी जागा. घर सबंध छपरातून श्वास घेत होतं, आणि कोणी ते मुद्दाम केलंय असं कोणाला वाटतही नव्हतं. पन्हळी पत्र्याचा शोध त्याआधीचा. लंडनमध्ये १८२९ साली त्याचं पेटंट घेतलं गेलं आणि पुढच्या दहा वर्षांत लोखंडावर जस्ताचा थर चढवण्याची रीत फ्रान्समध्ये निघाली. पत्रा आला, फटी गेल्या, पण वाफेला दुसरी वाट करून द्यायचं राहून गेलं.

माझी मावसबहीण कॅनडात एडमंटन शहरात राहते. तिथे हिवाळ्यात पारा उणे तीसपर्यंत जातो. तिच्या घरी पहिल्याच हिवाळ्यात फेब्रुवारीत एक दिवस ऊन पडलं आणि न्हाणीघराच्या छतातून पाणी ठिबकायला लागलं. तीही आधी छपरावर माणूस चढवायला निघाली होती. शेजारणीने सांगितलं की आधी माळ्यावर डोकावून बघ. माळ्यावर छपराच्या खालच्या बाजूला, खिळ्यांच्या टोकांवर, पांढरं बर्फ साचलं होतं. महिनाभर घरातली वाफ छताच्या भोकांतून, दिव्यांच्या कडांतून वर गेली होती आणि गोठली होती. एक दिवस ऊब आली आणि ते सगळं एकदम वितळलं. त्या थंड मुलखांत हा प्रकार इतका ओळखीचा आहे की त्यासाठी बांधकामाचे नियमच आहेत.

त्यांची रीत समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यात आपल्या प्रश्नाचं उत्तर आहे. ते छपराचे दोन भाग करतात. खाली राहत्या खोलीचं छत. ते जाड ऊबदार थराचं आणि घट्ट बंद. वाफ वर जाऊ नये म्हणून सांधा न् सांधा बुजवलेला. वर खरं छप्पर, पत्र्याचं किंवा दुसरं कसलं. आणि या दोन्हींच्या मधली जागा मोकळी. वळचणीतून बाहेरची थंड हवा आत शिरते आणि आढ्यापाशी बाहेर पडते. चुकून वर आलेली वाफ ती हवा घेऊन जाते. थोडक्यात उबेकडची बाजू बंद आणि थंडीकडची बाजू मोकळी. आपण नेमकं उलटं करतो. खाली छतच नाही, आणि वरच्या फटींत पोती.

काश्मिरात, हिमाचलात जुन्या घरांवर तुम्ही पत्रे पाहिले असतील, निदान सिनेमात तरी. तिथे पत्र्याखाली बहुधा माळा असतो आणि त्याखाली लाकडी छत. माणूस पत्र्याखाली थेट झोपत नाही.

"पण बाई, थंड हवा आत घेतली तर ओल वाढणार नाही का?" हा प्रश्न मला दुसऱ्या एका ताईंनी विचारला, आणि तो अगदी बरोबर प्रश्न आहे. आपल्याला वाटतं गारठा म्हणजे ओल. पण मघाचे आकडे आठवा. बाहेरची आठ अंशांची हवा अगदी काठोकाठ भरलेली असली तरी तिच्यात आठ ग्रॅमच्या आसपास पाणी. तीच हवा आत येऊन १८ अंशांवर तापली की ती निम्मीच भरलेली ठरते. म्हणजे ती अजून तेवढंच पाणी उचलू शकते. थंडीतली बाहेरची हवा अंगाला बोचते, पण घराला ती कोरडी करते.

आता करायचं काय?

सगळ्यात आधी खात्री करा की हे दवच आहे. पाऊस नसताना, स्वच्छ रात्री, पहाटे पाणी दिसतं का? थेंब एखाद्याच जागी आहेत की सबंध पत्र्यावर बारीक मोत्यांसारखे? हात पुसून पत्र्यावरून बोट फिरवा, पण त्याआधी घराचा मेन स्विच बंद करा. हे का ते पुढे सांगते. सगळीकडे ओल असेल तर डांबरवाल्याला बोलावू नका. स्क्रूच्या एकाच रेषेत आणि पाऊस पडल्यावरच पाणी येत असेल तर मात्र ती गळती.

मग वाफ जिथे तयार होते तिथेच कमी करा. हे फुकटातलं काम आणि त्याचा फायदा सगळ्यात जास्त. स्वयंपाक चालू असताना आणि नंतर अर्धा तास स्वयंपाकघराची खिडकी उघडी, मधलं दार बंद. भांड्यांवर झाकण. आंघोळीचं पाणी बाहेर तापवा. दुपटी दिवसा उन्हात, आणि नाइलाज असेल तर निदान माणसं झोपत नाहीत त्या खोलीत. दुपारी एक-दोन तास सगळी दारं-खिडक्या सताड उघडा. गोधड्या उन्हात टाका, कारण रात्रभराची ओल त्यांनी प्यायलेली असते आणि त्या संध्याकाळी तीच परत देतात.

त्यानंतर हवेच्या वाटा. इथे लोक एक चूक हमखास करतात. भिंतीला एकच भोक पाडतात आणि म्हणतात की हवा ठेवली. एका भोकाने हवा वाहत नाही. खालून शिरायला एक आणि वरून निघायला एक, अशा दोन वाटा लागतात. उबदार हवा हलकी, त्यात वाफ मिसळलेली हवा आणखी हलकी. ती आपोआप आढ्याकडे चढते. तिथे वाट मिळाली की निघून जाते, आणि तिच्या जागी वळचणीतून नवी हवा येते. वारा नसला तरी हे चालतं.

वळचणीला पत्र्याच्या पन्हळी आणि भिंत यांच्यामध्ये अर्धगोल फटी असतात. गवंडी त्या सिमेंटने भरतो, कारण साप, उंदीर, चिमण्या. त्याचं चूक नाही. पण सिमेंटऐवजी बारीक भोकांची जाळी बसवा. वर आढ्यापाशी हवा निघायला, घर आधीच बांधलेलं असेल तर सगळ्यात सोपं म्हणजे दोन्ही टोकांच्या भिंतींच्या त्रिकोणात, जमेल तितकं उंच, जाळीचं झरोकं. पाऊस आत येऊ नये म्हणून त्याला तिरप्या पट्ट्या. नवं छप्पर घालत असाल तर आढ्यावरचा टोपीसारखा पत्रा दोन बोटं उचलून, खाली जाळी देऊन बसवता येतो. तो मात्र जाणत्या माणसाकडूनच, आणि खालच्या लोखंडी पाइपात स्क्रू घट्ट पकडून, नाहीतर वळवाच्या वादळात तोच पत्रा आधी उडतो.

किती मोठी वाट ठेवायची? अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमात माळ्याच्या क्षेत्रफळाच्या दीडशेवा भाग मोकळा ठेवायला सांगितलंय, आणि वाफ अडवण्याची बाकी व्यवस्था चोख असेल तर तीनशेवा. २० बाय १५ चं घर म्हणजे ३०० चौरस फूट. त्याचा दीडशेवा भाग म्हणजे दोन चौरस फूट, निम्मा वळचणीला आणि निम्मा आढ्याला. तुमच्या दोन्ही वळचणी मिळून ४० फूट लांब आहेत. सगळीकडे बोटभर फट ठेवली तरी, जाळीने अडवलेली जागा वजा जाता, तेवढं सहज होतं. पण ते माप खाली घट्ट छत असलेल्या घराचं आहे. आपल्याकडे घरातली सगळी वाफ थेट पत्र्याला भिडते, म्हणून मी निदान दुप्पट ठेवायला सांगते.

आणि बाळाला वारा लागेल त्याचं काय? आजींना हीच धास्ती होती. या वाटा डोक्याच्या बऱ्याच वर असतात. हवा पत्र्याच्या खालून घसरत जाते, खाटेवर येत नाही. खाटेच्या उंचीवरची खिडकी रात्री बंद ठेवा, खुशाल. थोडी ऊब जाईल, नाही असं नाही. ती बाळाला टोपरं, मोजे, आईच्या अंगाची ऊब यांनी भरून काढायची. ओल्या दुपट्यातलं बाळ मोकळ्या हवेतल्या बाळापेक्षा लवकर गारठतं.

छत घालायची ऐपत असेल तर घाला, पण वरची हवा मोकळी ठेवूनच. छत शोभेचं घातलं आणि वर सगळं बंद ठेवलं तर पाणी थांबत नाही, फक्त दिसेनासं होतं. छतावर साचतं, पत्रा आतून गंजतो, पाइपांच्या सांध्यांना गंज चढतो, आणि तीन-चार वर्षांनी एकदम कळतं. थर्माकोलचं उघडं छत घरात नको. ते भसकन पेटतं आणि त्याचा धूर विषारी असतो. पत्रे नव्याने टाकतच असाल तर पत्रा आणि पाइप यांच्या मध्ये चांदीसारखी फॉइल असलेला फुगेवाला इन्सुलेशनचा थर मिळतो, तो घालून सांधे चिकटपट्टीने बंद करा. वाफ मग थेट गार पत्र्यापर्यंत पोचत नाही. नंतर घालणं कटकटीचं, कारण पत्रे उतरवावे लागतात.

पत्र्यावर उसाचं पाचट पसरतात, त्याने पत्रा आकाशाला उघडा राहत नाही आणि रात्री कमी गार होतो. उपाय खरा आहे. पण पाचट भिजलं की खाली पत्रा सडतो, आणि चुलीची एक ठिणगी पुरते. मला तो आवडत नाही.

मोठ्या शेडवर फिरणारा भोपळा असतो ना, टर्बो व्हेंटिलेटर, तो घरावर बसवू का असं बरेच जण विचारतात. तो वाऱ्यावर जोरात चालतो, आणि दव पडतं ती रात्र बहुतेक वेळा निवांत, वारा नसलेली. भोकाइतका उपयोग होईल, फिरण्याचा फारसा नाही. त्या पैशात चार झरोकी होतात. शेळ्यांच्या गोठ्याला मात्र आढं मोकळं हवंच. तिथे मुताचा वास आणि वाफ दोन्ही साचतात आणि करडांना खोकला लागतो.

आता मघाशी राहिलेली मेन स्विचची गोष्ट. ओला पत्रा आणि वीज यांची गाठ पडली की माणूस जातो. पत्र्याच्या घरांत वायर बहुतेक वेळा पाइपांना गुंडाळलेली असते. तिचं आवरण एखाद्या धारेला घासून सोललेलं असलं तर कोरड्या दिवसांत कळतही नाही. दवाने पत्रा ओला झाला की सगळं छप्पर, खालचे पाइप, पाइपाला बांधलेली कपडे वाळत घालायची तार, सगळ्यात वीज येते. पत्र्याला किंवा तारेला हात लागून झिणझिण्या आल्या तर "थोडा करंट मारतो" असं म्हणून सोडून देऊ नका. मेन स्विच बंद, आणि वायरमन येईपर्यंत चालू करायचा नाही. वायर प्लॅस्टिकच्या पट्टीतून, पत्र्यापासून लांब न्यायची. अर्थिंग तपासून घ्यायचं. ३० मिलिअँपिअरचा गळती ओळखणारा स्विच बसवून घ्यायचा. आणि कपड्यांची तार छपराच्या लोखंडाला बांधायचीच नाही, नायलॉनची दोरी वापरायची.

आजींचं काय झालं ते सांगते. मुलाने त्याच दिवशी शेगडी बाहेर नेली आणि वळचणीतली पोती काढली. दुसऱ्या दिवशी गवंड्याकडून दोन्ही टोकांच्या त्रिकोणांत फूटभर लांबी-रुंदीचं एकेक झरोकं पाडून जाळी लावली. बाळाच्या खाटेवर, पत्र्यापासून वीतभर खाली, एक जुनी ताडपत्री उतरती बांधली, म्हणजे पडलाच थेंब तर तो भिंतीकडे ओघळून जाईल. आंघोळीचा बंब अंगणात गेला. आठवड्याने फोन केला तेव्हा टपटप थांबली होती.

पण जानेवारीत पुन्हा त्यांचा फोन आला. तीन दिवस दाट धुकं होतं आणि तिन्ही पहाटे पत्रा ओला झाला होता, थेंबही पडले. "तुमचं झरोकं फसलं," म्हणाल्या. फसलं नाही. पण त्याची मर्यादा आहे आणि ती मी त्यांना आधी सांगायला हवी होती. धुक्याच्या रात्री बाहेरची हवाच काठोकाठ भरलेली असते आणि पत्रा तिच्याहूनही गार. मग चारी बाजूंनी उघड्या गोठ्याचा पत्रासुद्धा खालून ओला होतो. अशा रात्री हवेने भागत नाही, पत्र्याच्या खाली ऊब अडवणारा थरच लागतो. तो खर्च त्यांचा मुलगा द्राक्षं निघाल्यावर करणार आहे, निदान झोपायच्या खोलीपुरता. तोवर ताडपत्री आहे. बाळ दीड महिन्याचं झालंय, आणि लेक संक्रांतीनंतर सासरी जाईल. तिकडेही पत्र्याचंच घर आहे, म्हणून आजींनी मला झरोक्याचं माप पुन्हा एकदा विचारून घेतलं.